असमकालिक सर्व्हरमधील वस्तूंचे आयुष्य

गळिताच्या हंगामात बिद्री येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या आवारात जाणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसते. ती ही की, तेथे कोणतेही काम एका दमात पुरे होत नाही. उसाने भरलेली गाडी येते, तिला नंबर मिळतो, नंबर लागेपर्यंत ती इतर गाड्यांबरोबर उभी राहते; मग काट्यावर तिचे भरलेले वजन होते, ती गव्हाणीकडे जाते, मोळ्या खाली होतात, आणि परतताना रिकाम्या गाडीचे वजन होते. या दोन वजनांतील फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. पहिले वजन आणि दुसरे वजन यांच्यामध्ये जो काळ जातो त्या काळात काटेवाला स्वस्थ बसत नाही. तो दुसऱ्या गाड्यांची वजने करीत असतो. पहिल्या गाडीची आठवण तेवढा वेळ एका चिठ्ठीच्या स्वाधीन असते. चिठ्ठी हरवली, अथवा दुसऱ्याच गाडीची चिठ्ठी हाती आली, तर हिशेब बिघडतो. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत ज्या उसाचे पैसे द्यावयाचे, त्या उसाचे वजनच चुकीच्या खात्यावर पडते.

संगणकावरील असमकालिक सर्व्हर म्हणजे नेमका असाच काटेवाला होय. प्रस्तुत लेखात त्याच्या चिठ्ठ्यांचा विचार करावयाचा आहे. म्हणजे असे की, एखादे काम अर्धवट राहिलेले असताना त्या कामाची माहिती धारण करणारी वस्तू स्मृतीत किती काळ जिवंत ठेवावी, तिला जिवंत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती केव्हा नष्ट करावी. ऑब्जेक्ट या शब्दासाठी येथे ‘वस्तू’ हा शब्द योजिला आहे. बाकीचे शब्द वर्गात रूढ आहेत तसेच ठेवले आहेत.

उदाहरणासाठी एक काल्पनिक सर्व्हर घेऊ. असा सर्व्हर अमुक कारखान्यात चालतो असे येथे म्हणावयाचे नाही. प्रत्येक वाहनावर एक लहान यंत्र बसविलेले आहे. वाहन आवारात शिरताच ते यंत्र सर्व्हरशी जोडणी उघडते, काट्यावरील वजन त्या जोडणीवरून कळविते, आणि रिकामे वजन झाल्यावर जोडणी बंद करते. सर्व्हर प्रत्येक जोडणीकरिता ‘फेरी’ नावाची एक वस्तू निर्माण करतो. तिच्यात वाहनाचा क्रमांक, शेतकऱ्याचे खाते, भरलेले वजन, आणि येणारा संदेश ज्यात उतरतो तो बफर असतो. वीस मिनिटे यंत्राकडून काही आले नाही, तर टायमर वाजतो आणि फेरी रद्द होते.

हाच सर्व्हर जुन्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक वाहनास एक थ्रेड देऊन लिहिला असता, तर आयुष्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवताच ना. फेरी ही त्या थ्रेडच्या स्टॅकवर राहिली असती. वाचण्याची आज्ञा दिल्यावर थ्रेड तेथेच थांबला असता. संदेश आल्यावर त्याच ओळीपासून पुढे चालला असता. आणि फंक्शन संपताच फेरीही संपली असती. कार्यक्रमाचा मजकूर वाचूनच वस्तूचे आयुष्य कळते, ही या पद्धतीची मोठी सोय. परंतु हजारो थ्रेड बाळगणे महाग पडते. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ‘सीटेनके’ या नावाने मांडला आणि तेव्हापासून सर्व्हर लिहिणाऱ्यांचा कल इव्हेंट लूपकडे वळला. मोजके थ्रेड, तयार घटनांची एक रांग, आणि प्रत्येक घटनेसाठी आधी सांगून ठेवलेला एक हँडलर, ही त्याची रचना. लिनक्समधील ईपोल, विंडोज एनटीमधील कंप्लिशन पोर्ट, आणि २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत आलेले आयओ-यूरिंग ही याच विचाराची साधने आहेत.

या रचनेत वाचण्याची आज्ञा देणारे फंक्शन लगेच परतते. त्याचा स्टॅकवरील संसार मोडतो. मागे राहतो तो हँडलर, आणि त्या हँडलरजवळ असलेला फेरीचा पत्ता. आयओ-यूरिंग व कंप्लिशन पोर्ट यांच्या बाबतीत तर बफरचा पत्ता कर्नलजवळही असतो, आणि कर्नल त्यात आपल्या सवडीने लिहितो. फेरी जिवंत आहे किंवा नाही हे कर्नल विचारीत नाही.

आता अपघात कसा घडतो ते पाहावे. एका वाहनाचा वजनाचा संदेश नेमका विसाव्या मिनिटाच्या काठावर आला. बफरमध्ये तो उतरला, आणि ‘वाचन पूर्ण’ ही घटना रांगेत लागली. परंतु तिच्या पुढे रांगेत ‘टायमर वाजला’ ही घटना, आणि तिच्यामागे ‘नवे वाहन आले’ ही घटना आधीच उभी होती. टायमरच्या हँडलरने जुनी फेरी नष्ट केली. नव्या वाहनासाठी नवी फेरी निर्माण झाली. स्मृतीचे वाटप करणारे बहुतेक वाटपक नुकताच परत आलेला, तेवढ्याच आकाराचा तुकडा प्रथम देतात; म्हणून नवी फेरी नेमकी जुनीच्याच जागी बसली. नव्या फेरीच्या रचनेत बफर पुसण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मग जुन्या वाचनाचा हँडलर धावला. त्याच्याजवळ पत्ता होता. पत्त्यावर एक सुस्थितीतील फेरी होती. बफरमध्ये वजन होते. त्याने ते वजन नोंदविले. एका शेतकऱ्याचा ऊस दुसऱ्याच्या खात्यावर चढला.

कार्यक्रम कोसळला नाही, कोठे तक्रारीची ओळ उमटली नाही. विद्यार्थी समजतात की मृत वस्तूला स्पर्श झाला म्हणजे कार्यक्रम बंद पडतो. तो बंद पडला तर आपले नशीब चांगले म्हणावयाचे. दहा वाहनांवर चाचणी घेतली असता हा दोष दिसत नाही, कारण तीन घटना त्याच क्रमाने रांगेत येण्याचा योग क्वचित जुळतो. आवार भरलेले असते, तेव्हा तो जुळतो. हिशेबातील चुकीपलीकडेही या दोषाला एक बाजू आहे. मेलेल्या वस्तूच्या जागी काय बसवावयाचे हे बाहेरच्या मनुष्याला ठरविता आले, तर सर्व्हरच त्याच्या हाती जातो. क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे त्यांच्याकडील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरवापरातून आले होते, आणि त्यांतील निम्मे याच जातीचे, म्हणजे मुक्त केलेल्या स्मृतीच्या वापराचे होते.

येथे पहिली शंका अशी घेतली जाते की, फेरी नष्ट करण्यापूर्वी चालू असलेले वाचन रद्द केले म्हणजे काम भागले. तसे होत नाही. रद्द करणे ही एक विनंती आहे. ख्रिस्तोफर कोलहॉफ यांच्या एसिओ या ग्रंथालयात रद्द केलेल्या कामाचाही हँडलर बोलाविला जातोच. फक्त त्याला ‘काम सोडून दिले’ असा त्रुटिसंकेत मिळतो. आणि काम पूर्ण होऊन घटना रांगेत लागली असेल, तर रद्द करण्याचा काहीही परिणाम न होता हँडलर यशाच्या संकेतासह येतो. म्हणून नियम असा की, शेवटचा हँडलर येऊन गेल्याखेरीज वस्तूची स्मृती सोडता कामा नये. लिबयूव्ही हे सी भाषेतील ग्रंथालय हाच नियम उघडपणे सांगते: बंद करण्याची आज्ञा दिल्यावर तिचा कॉलबॅक येईपर्यंत हँडलची स्मृती मोकळी करावयाची नाही.

शेवटचा हँडलर कोणता हे कळावयास मोजणी पाहिजे. ही मोजणी नवी नाही. याद्यांच्या स्मृतीसंबंधी जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्येच असे सुचविले होते की, प्रत्येक वस्तूजवळ तिच्याकडे येणाऱ्या संदर्भांची संख्या ठेवावी आणि ती शून्य होताच वस्तू परत करावी. सी प्लस प्लस भाषेच्या २०११ च्या प्रमाणात आलेला शेअर्ड पॉइंटर हा त्याच कल्पनेचा वंशज. असमकालिक सर्व्हरमध्ये त्याचा उपयोग मोठा सुंदर होतो. प्रत्येक हँडलरजवळ फेरीचा नुसता पत्ता न देता एक शेअर्ड पॉइंटर द्यावयाचा. वाचन बाकी आहे, तोपर्यंत त्याचा हँडलर फेरीला धरून ठेवतो. लेखन बाकी आहे, तोपर्यंत त्याचा. सगळी कामे संपली, नवे काम कोणी सुरू केले नाही, की शेवटचा हँडलर नष्ट होताना फेरीही नष्ट होते. फेरी केव्हा मारावी हे कोणालाच सांगावे लागत नाही. वरील अपघातात टायमरला फेरी ‘नष्ट’ करताच आली नसती. त्याने सॉकेट बंद केले असते एवढेच.

फेरीच्या आतून फेरीचा शेअर्ड पॉइंटर मिळविण्यासाठी भाषेने ‘एनेबल शेअर्ड फ्रॉम धिस’ नावाचा आधारवर्ग दिला आहे. त्याची गरज का, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फेरीच्या स्वतःच्या पत्त्यावरून सरळ दुसरा शेअर्ड पॉइंटर घडविला, तर एकाच वस्तूच्या दोन स्वतंत्र मोजण्या सुरू होतात. पहिली शून्यावर येते तेव्हा वस्तू नष्ट होते, आणि दुसरी शून्यावर येते तेव्हा ती पुन्हा नष्ट केली जाते. आधारवर्ग मूळच्याच मोजणीत भर घालतो. मात्र कन्स्ट्रक्टरमध्ये त्याचा उपयोग करता येत नाही, कारण त्या क्षणी कोणी शेअर्ड पॉइंटर अद्याप घडविलेलाच नसतो. म्हणून पहिले वाचन कन्स्ट्रक्टरमध्ये सुरू न करता ‘आरंभ’ अशा वेगळ्या फंक्शनात करावे. हे शिस्तीचे कलम वाटते, परंतु ते मोडले असता कार्यक्रम पहिल्याच जोडणीला अपवाद फेकतो, म्हणून त्यापासून फारसे भय नाही.

भय आहे ते उलट्या दोषाचे. संदर्भमोजणी वर्तुळापुढे हतबल असते, ही गोष्ट जे. एच. मॅकबेथ यांनी १९६३ मध्ये कॉलिन्सच्या पद्धतीसंबंधी लिहिताना दाखवून दिली होती. साठ वर्षांनंतर तीच चूक सर्व्हरमध्ये रोज होते. फेरीने आपल्या आत एक कॉलबॅक साठवून ठेवला, आणि त्या कॉलबॅकने फेरीचा शेअर्ड पॉइंटर धरला. दोघे एकमेकांना धरून बसले आणि वाहन घरी गेले तरी फेरी जिवंत राहिली. अशा फेऱ्या साचत जातात. पहिल्या प्रकारचा दोष मेलेल्याला जिवंत समजतो, हा दोष कोणाला मरूच देत नाही. हंगामाच्या मध्यावर स्मृती भरते आणि सर्व्हर बंद पडतो.

यावर उपाय वीक पॉइंटर. तो वस्तूला ओळखतो, परंतु धरून ठेवीत नाही. वापरण्यापूर्वी त्याला विचारावे लागते, आणि वस्तू असेल तर तेवढ्या कामापुरता शेअर्ड पॉइंटर हाती येतो. माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म येथे आहे. प्रत्येक संदर्भाजवळ थांबून विचारले पाहिजे की, हा फेरीला जगविणारा आहे, की तिची केवळ माहिती बाळगणारा आहे. वाचन व लेखन यांचे हँडलर जगविणारे, कारण त्यांच्या बफरवर कर्नलचा हात आहे. आवारातील सर्व फेऱ्यांची यादी केवळ माहिती बाळगणारी; तिने शेअर्ड पॉइंटर धरले, तर कोणतीही फेरी यादीतून काढल्याखेरीज मरणार नाही, आणि काढावयास कोणी तरी विसरतोच. टायमर हा सीमेवरचा प्रकार. त्याने फेरीला धरले, तर वाहन गेल्यावरही उरलेल्या मिनिटांपुरती फेरी विनाकारण राहते. म्हणून त्याला वीक पॉइंटर द्यावा, हे बरे. शिवाय टायमरच्या हँडलरने मुदत खरोखर उलटली आहे ना हे स्वतः पाहावे. तो रांगेत उभा असताना यंत्राचा संदेश येऊन मुदत पुढे गेलेली असू शकते.

आमचे काही विद्यार्थी हा विचार न करता सर्वत्र शेअर्ड पॉइंटर वापरतात आणि कार्यक्रम सुरक्षित झाला असे मानतात. मला ते पटत नाही. मालक कोण हे ज्या कार्यक्रमात सांगता येत नाही, त्यात वस्तू केव्हा मरेल हेही सांगता येत नाही. आणि तिच्या डिस्ट्रक्टरमध्ये फाइल बंद करणे, यादीतून नाव काढणे अशी कामे असतील, तर ती कोणत्या थ्रेडवर, कोणत्या कुलपाच्या आत होतील याचा भरवसा राहत नाही. मोजणीची संख्या थ्रेडच्या दृष्टीने सुरक्षित असते, वस्तूतील माहिती नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. दोन थ्रेड एकाच फेरीचे हँडलर एकाच वेळी चालवू लागले, तर शेअर्ड पॉइंटर काही मदत करीत नाही. त्यासाठी एका फेरीचे हँडलर एकापाठोपाठ एक चालतील अशी सोय लागते. एसिओमध्ये तिला स्ट्रँड म्हणतात.

बफरांसंबंधी थोडक्यात. लेखनाचा मजकूर फंक्शनमधील स्थानिक स्ट्रिंगमध्ये ठेवून असमकालिक लेखन सुरू करणे, ही नवख्याची ठरलेली चूक आहे. मजकूर फेरीच्या आत रांगेत ठेवावा, आणि एका वेळी एकच लेखन चालू द्यावे, नाही तर दोन संदेशांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. ही रांग व्हेक्टरची करू नये. व्हेक्टर वाढताना आपले घटक नव्या जागी हलवितो, आणि लहान स्ट्रिंगचा मजकूर स्ट्रिंगच्या पोटातच असल्यामुळे तोही हलतो. कर्नलजवळ मात्र जुनाच पत्ता राहतो. डेकच्या शेवटी भर घातली असता आधीच्या घटकांचे संदर्भ शाबूत राहतात.

आता अधिक कठीण भागाकडे वळू. स्मृती जिवंत राखली म्हणजे वस्तूचा अर्थ जिवंत राहिला असे नाही. फेरीला दोन मरणे आहेत: एक व्यवहारातले, जोडणी संपली तेव्हाचे, दुसरे स्मृतीतले. शेअर्ड पॉइंटर दुसरे मरण लांबवितो, आणि त्यामुळे दोहोंच्या मध्ये एक चमत्कारिक काळ निर्माण होतो, ज्यात फेरी आहे पण वाहन नाही. त्या काळात येणाऱ्या हँडलरने प्रथम फेरीची अवस्था पाहिली पाहिजे. आपल्या अपघातात शेअर्ड पॉइंटर असता, तर वजन दुसऱ्याच्या खात्यावर गेले नसते हे खरे. परंतु रद्द झालेल्या फेरीवर ते नोंदले गेले असते, आणि ते ग्राह्य की अग्राह्य हा प्रश्न राहिलाच असता. त्याचे उत्तर भाषा देत नाही. ते कारखान्याच्या नियमांतून यावे लागते, आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याने ते विचारून घ्यावे लागते.

ज्या भाषांत कचरा गोळा करण्याची व्यवस्था आहे, जावा, गो, पायथन इत्यादी, त्यांतही हे दुसरे दुखणे तसेच राहते. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पसाठी ही व्यवस्था वर्णिली तीही १९६० सालीच, म्हणजे कॉलिन्सच्याच वर्षी. तेथे पत्ता कधी मृत होत नाही आणि वर्तुळेही गोळा होतात; परंतु बंद झालेल्या जोडणीवर लिहिणारा हँडलर तेथेही सापडतो.

याच जातीचा आणखी एक प्रसंग स्मृतीशी मुळीच संबंध नसताना घडतो. युनिक्सच्या परंपरेतील यंत्रणा नव्या सॉकेटला मोकळ्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक देते. ईपोलने एका खेपेत अनेक घटना हाती दिल्या; पहिली घटना हाताळताना सतरा क्रमांकाचे सॉकेट बंद झाले, दुसरी हाताळताना नव्या वाहनाला पुन्हा सतराच क्रमांक मिळाला; आणि त्याच खेपेत पुढे सतरा क्रमांकाची जुनी घटना पडलेली आहे. ती आता कोणाची? इगोर सिसोयेव्ह यांच्या एन्जिनएक्स सर्व्हरने यावर काढलेली युक्ती कौतुकास्पद आहे. जोडणीच्या वस्तूचा पत्ता सम असल्यामुळे त्याचा शेवटचा बिट रिकामा असतो. त्यात ती जागा प्रत्येक वेळी नव्याने वापरताना उलटणारी एक खूण ठेवली जाते. घटनेतील खूण आणि वस्तूतील खूण जुळली नाही, तर घटना शिळी समजून टाकून देतात. हीच कल्पना वाढवून जागेच्या क्रमांकाबरोबर पिढीचा क्रमांकही ठेवता येतो. चिठ्ठीवर नुसता नंबर न घालता तारीखही घातली, तर कालची चिठ्ठी आज खपत नाही, त्यातलाच हा प्रकार. जेथे हजारो वस्तू वारंवार जन्मतात व मरतात तेथे मला ही पद्धत शेअर्ड पॉइंटरपेक्षा अधिक पसंत आहे, कारण तिच्यात मालक एकच राहतो आणि शिळा संदर्भ उघड पकडला जातो.

रस्ट भाषेने (पहिली स्थिर आवृत्ती २०१५, असमकालिक फंक्शने २०१९) आयुष्याची तपासणी कंपायलरकडे दिली. आपल्या अपघाताचा कार्यक्रम त्या भाषेच्या सुरक्षित भागात लिहिताच येत नाही, ही मोठीच प्रगती होय. परंतु तेथेही एक अडचण बोधप्रद आहे. रस्टमध्ये असमकालिक काम रद्द करावयाचे म्हणजे ते मूल्य टाकून द्यावयाचे. आणि आयओ-यूरिंगमध्ये तर कर्नल अजून बफरमध्ये लिहीत असू शकतो. म्हणून तेथील ग्रंथालये बफर उसना न घेता त्याची मालकीच कामाकडे सोपवितात, आणि काम संपल्यावर तो परत मिळतो.

सी प्लस प्लसच्या २०२० च्या प्रमाणातील कोरूटीनमुळे असमकालिक कार्यक्रम पुन्हा सरळ ओळीत लिहिता येऊ लागला, आणि स्थानिक चले कोरूटीनच्या चौकटीत टिकून राहतात. मात्र संदर्भाने घेतलेले प्राचल टिकत नाहीत. ज्याच्याकडे ते संदर्भ जातात ती वस्तू पहिल्या थांब्यापूर्वीच नष्ट झालेली असू शकते. अधिक मूलगामी विचार संरचित समांतरतेचा. नॅथनिएल स्मिथ यांनी २०१८ मध्ये तो आग्रहाने मांडला, आणि पायथनच्या ३.११ आवृत्तीत (२०२२) टास्क ग्रुप या रूपाने तो आला. त्याचा आशय असा की, एखाद्या फंक्शनाने जी उपकामे सुरू केली, ती सर्व संपल्याखेरीज ते फंक्शन परतूच नये. टायमर व वाचन ही दोन्ही फेरीच्या फंक्शनाची उपकामे झाली, एक संपताच दुसरे रद्द करून त्याच्या अखेरीची वाट पाहिली, म्हणजे फेरी पुन्हा स्थानिक चल होऊ शकते, आणि थ्रेडच्या पद्धतीतील ती जुनी सोय परत मिळते.

चाचणीविषयी एवढेच की, ॲड्रेस सॅनिटायझर हे साधन चालू ठेवल्याखेरीज असा सर्व्हर तपासू नये. ते मुक्त केलेली स्मृती काही काळ विलगीकरणात ठेवते, त्यामुळे जुन्या जागी नवी फेरी लगेच बसत नाही आणि मृत पत्त्याला झालेला स्पर्श जागच्या जागी पकडला जातो. परंतु जो मार्ग चाचणीत चाललाच नाही, त्यातील दोष तेही दाखवीत नाही. म्हणून जोडणी प्रत्येक पायरीवर मुद्दाम तोडून पाहावी: संदेशाच्या अर्ध्यावर, पहिल्या वजनानंतर, लेखन चालू असताना, आणि टायमरची मुदत वीस मिनिटांऐवजी काही मिलिसेकंद ठेवून शेकडो काल्पनिक वाहने एकदम आत सोडावीत.

सर्व्हर बंद करण्याची वेळही याच चाचणीत आणावी, कारण तेथे आयुष्यांचा क्रम उलटा लागतो. एसिओचा मुख्य संदर्भ नष्ट होताना रांगेत उरलेले हँडलर न चालविताच नष्ट केले जातात. त्यांच्याबरोबर त्यांनी धरलेल्या फेऱ्या मरतात. आणि त्या फेऱ्यांचे डिस्ट्रक्टर यादीला किंवा नोंदवहीला हात लावीत असतील, तर ती यादी व ती नोंदवही तोपर्यंत जिवंत असली पाहिजे. सी प्लस प्लसमध्ये स्थानिक व सभासद चले घोषणेच्या उलट क्रमाने नष्ट होतात. तेव्हा नोंदवही आधी घोषित करावी, यादी नंतर, आणि एसिओचा संदर्भ सर्वांच्या शेवटी.